हाल्व्हरला दिलेला हुकूम

हल्ली फुटबॉल खेळणारी पोरं डोक्याला चामड्याची टोपी घालतात आणि शिट्टी वाजली की जागच्या जागी थांबतात. ते पाहिलं की मला बरं वाटतं आणि रागही येतो. राग त्या पोरांचा नाही, माझा स्वतःचा आहे, आणि तो तीस वर्षांत तसूभर कमी झालेला नाही.

आमच्या वेळी शिट्टीनं काही थांबत नसे. आमच्या अमेरिकी फुटबॉलात चेंडू हातात धरून समोरच्यांत घुसायचं; तो ज्याच्याकडे असेल त्याला धरलं, पाडलं, त्याच्यावर पाच-सहा जण बसले, तरी तो स्वतःच्या तोंडानं ‘डाउन’ म्हणेपर्यंत खेळ चालूच. त्याची माणसं त्याला पुढे ओढणार, समोरचे मागे रेटणार, आणि तो बिचारा मधे. ‘डाउन’ म्हटलं की सगळे उठायचे. म्हणजे कुठे थांबायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. नियम काही वाईट नव्हता. त्याचं वाटोळं मी केलं.

मी अमोस गिल्क्रिस्ट. १८९६ साली नायोब्रारा नदीकाठच्या फोर्ट केलरवर पायदळाच्या एका तुकडीचा सार्जंट होतो. नेब्रास्कातल्या लढाया तोवर संपल्या होत्या. आम्ही गवत कापायचो, कुंपणं नीट करायचो, कवायत करायचो आणि पगार झाला की गावात जाऊन दारू पिऊन एकमेकांची डोकी फोडायचो. लेफ्टनंट व्हिटलॉक पूर्वेकडून नवीनच आला होता. त्यानं सोबत एक चेंडू आणला. डोकी फोडायचीच असतील तर ती मैदानावर, दिवसाउजेडी फोडा, असं त्याचं म्हणणं. कर्नलना ते पटलं. मी पेनसिल्व्हेनियात गिरणीत असताना थोडं खेळलो होतो, म्हणून संघाचा कप्तान मला केलं.

आमच्या संघाची एक रीत होती. चुन्याच्या रेघेच्या आत हुद्दा नाही. व्हिटलॉक रांगेत माझा साहेब, पण मैदानावर मी सांगेन तिथे उभा राहायचा. मल्डून नावाचा एक दांडगा शिपाई होता, त्याला तर या रीतीचा फार आनंद. तो व्हिटलॉकला म्हणायचा, “साहेब, आठवडाभर मी तुमचं ऐकतो ना? मग आता तासभर तुम्ही माझं ऐका. सरका म्हटलं की सरकायचं, तोंड वाकडं करायचं नाही.” व्हिटलॉक हसायचा आणि सरकायचा. भला माणूस होता.

चेंडू घेऊन घुसायचं काम हाल्व्हर ब्रेक्केचं. वय बावीस. आईबाप नॉर्वेहून आलेले, किल्ल्यापासून वीस मैलांवर त्यांची शेती. हाल्व्हर उंच, खांदे रुंद, बोलणं कमी. गंजीवरून गवताचा भारा उचलावा तसा तो माणूस उचलून बाजूला ठेवायचा. आमच्याकडच्या खोगीरवाल्यानं त्याच्या जाड कापडी बंडीला पाठीवर दोन चामड्याच्या मुठी शिवून दिल्या होत्या, ट्रंकेला असतात तशा. तो पडला की डावी मूठ मी धरायची, उजवी मल्डूननं, आणि ओढत पुढे न्यायचं. तेव्हा सगळेच संघ असं करत.

हाल्व्हरमध्ये खोट एकच होती. अंगावर वजन आलं रे आलं की तो ‘डाउन’ म्हणून मोकळा. अजून चार हात सहज गेलो असतो, अशा ठिकाणी तो थांबायचा. ऑक्टोबरात गावच्या संघाशी आम्ही हरलो ते त्यामुळेच. त्या संध्याकाळी जेवताना मल्डून म्हणाला, “ब्रेक्के, पुढच्या वेळी चेंडू हातात घ्यायच्या आधीच डाउन म्हणून टाक. आमचे कपडे तरी मळणार नाहीत.” सगळे खो खो हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी हाल्व्हर माझ्याकडे आला. टोपी हातात धरून उभा राहिला. मग त्यानं सांगितलं. तो सहा वर्षांचा असताना ते मातीच्या ढेकळांच्या घरात राहत. वसंतातल्या पावसात एकदा छत खाली आलं आणि तो खाली सापडला. किती वेळ ते त्याला आठवत नव्हतं. तोंडात माती गेलेली तेवढी आठवत होती.

“मला मार लागायची भीती नाही, सार्जंट,” तो म्हणाला. “पण वर वजन आलं की माझं तोंड आपोआपच बोलतं. मी ठरवतो की नाही बोलायचं. तरी बोलतं.”

शहाण्या माणसानं त्याच दिवशी चेंडू त्याच्याकडून काढून घेतला असता, त्याला कडेला उभं केलं असतं. पण त्याच्याइतकं घुसणारा दुसरा माझ्याकडे नव्हता. आणि नदीपलीकडच्या किल्ल्यावरच्या घोडदळवाल्यांना हरवायचं माझ्या डोक्यात बसलं होतं. ते आम्हाला ‘चालणारे’ म्हणत. येता-जाता विचारत, पायाला फोड आलेत का म्हणून. तेव्हा मी मोठी अक्कल चालवली.

सोमवारी सकाळी कवायतीला तुकडी उभी होती. बंदुकांची तपासणी झाली. मी रांगेतून चालत हाल्व्हरसमोर थांबलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “शिपाई ब्रेक्के, हा हुकूम आहे. मी ‘डाउन’ म्हणेपर्यंत तू ‘डाउन’ म्हणायचं नाही. समजलं?”

“हो, सार्जंट,” तो म्हणाला.

त्याचा चेहरा मला आजही दिसतो. त्यावर सुटका होती. डोक्यावरून ओझं उतरलं की माणूस जसा मोकळा श्वास घेतो, तसा त्यानं घेतला. जो सैन्यात राहिला नाही त्याला हे कळायचं नाही. कधी उठायचं, कधी खायचं, कधी गोळी झाडायची, हे दुसरा कुणीतरी ठरवतो, म्हणून शिपायाला शांत झोप लागते. हाल्व्हरच्या भीतीचं मी तेच केलं. ती त्याच्याकडून काढून माझ्याकडे घेतली.

आणि उपाय लागू पडला. सरावात तो खाली गेला की मान वळवून माझ्याकडे बघायचा. मी दोन-तीन हात ओढायचो, वजन फार झालंसं दिसलं की ‘डाउन’ म्हणायचो. माझ्या पाठोपाठ लगेच त्याचा आवाज यायचा. तोंड आपोआप बोलायचं बंद झालं. नोव्हेंबरात आम्ही तीन सामने जिंकलो. मल्डूनसुद्धा त्याला चिडवायचा थांबला. एकदा तर आपल्या वाटच्या सफरचंदाच्या पाईचा तुकडा कापून त्याच्या ताटात ठेवला. आणि मल्डून खाण्यातलं कुणाला काही देणारा नव्हता. हाल्व्हर मला त्याच्या भाषेतले शब्द शिकवू लागला, भाकरीचा, दुधाचा, आभाराचा. सार्जंटला त्यांच्याकडे जवळजवळ सार्जंटच म्हणतात, हे सांगताना त्याला फार हसू आलं होतं. मी स्वतःवर खूश होतो, अगदी फुगलो होतो म्हणा ना.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला, गुरुवारी, घोडदळवाले आले. जमीन थंडीनं दगडासारखी झाली होती. अधिकाऱ्यांच्या बायका गाड्यांत घोंगड्या पांघरून बसल्या होत्या, बँड वाजत होता, कर्नल स्वतः हजर होते. पहिल्या अर्ध्यात व्हिटलॉकच्या दोन बरगड्या गेल्या. बाहेर गेलेल्याला पुन्हा आत येता येत नसे, म्हणून तो तसाच खेळत राहिला. कुणी कुणाला सांगत नव्हतं की मला लागलंय. दोन्ही संघांचे चार-चार गुण झाले होते. उजेड जेमतेम दहा मिनिटांचा उरला असेल. चेंडू जिच्यापलीकडे नेला की जिंकलो, त्या त्यांच्या रेषेपासून आम्ही तीन यार्डांवर होतो आणि चेंडू आमचा होता.

मी हाल्व्हरला चेंडू दिला. आम्ही दहा जण पाचरीसारखे एकात एक घुसून त्याच्याभोवती पळालो. घोडदळवाले भिंत करून उभे होते. धडकलो, आणि पाचर फुटली. हाल्व्हर गुडघ्यांवर आला. त्याची डावी मूठ माझ्या हातात होती, उजवी मल्डूनच्या. आम्ही ओढलं. एक यार्ड गेलो. घोडदळाचे तिघे त्याच्या खांद्यांवर पडले, तो छातीवर आला. पुन्हा ओढलं. आमचीच माणसं मागून आमच्यावर चढून रेटत होती.

तेव्हा त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

हे मी नीट सांगणार आहे, कारण नंतर सगळ्यांनी मला गर्दीत दिसलं नसेल, ऐकू आलं नसेल, असं समजावलं. मला दिसलं होतं. त्याचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. ओठांना माती लागली होती. तो घाबरलेला नव्हता. सरावात बघायचा तसाच बघत होता, आता म्हणशील म्हणून वाट पाहत. माझा आवाज शाबूत होता. आणि चुन्याची रेघ दोन हातांवर होती.

मी मनात म्हणालो, दोनच हात. आणि गप्प राहून ओढलं.

वरून आणखी माणसं कोसळली. चेंडू रेषेपलीकडे गेला तेव्हा मी ‘डाउन’ म्हणून ओरडलो. माझ्या पाठोपाठ त्याचा आवाज आला नाही. बँडनं आमचं गाणं सुरू केलं होतं. मल्डून हात वर करून नाचत होता. एकेक जण उठत गेला, आणि शेवटी हाल्व्हर एकटा राहिला, चेंडू पोटाशी धरून पालथा. मान जशी वळवली होती, त्याहून जास्त वळली होती. माझ्या मुठीत त्याच्या बंडीची चामडी मूठ अजून होती. डॉक्टर पळत आला. त्यानं गाड्यांकडे बघून बँड थांबवायची खूण केली. इस्पितळापर्यंत पोचायच्या आत हाल्व्हर गेला.

दुसऱ्या दिवशी तीन अधिकाऱ्यांची चौकशी बसली. एका कॅप्टननं प्रश्न विचारले, एक कारकून लिहीत होता. मी सोमवारच्या हुकुमापासून सगळं सांगितलं. दोन हातांचंही सांगितलं. कारकुनाची लेखणी थांबली आणि त्यानं कॅप्टनकडे बघितलं.

“हे लिहू नका,” कॅप्टन म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “सार्जंट, मैदानावर हुद्दा नसतो असं तुम्हीच ठरवलंय ना? मग तिथे हुकूम कुठला आला?”

“मी तो मैदानावर दिला नव्हता, साहेब. कवायतीच्या रांगेत दिला होता.”

“खेळातली एक सूचना होती ती. मुलगा दुर्दैवी. तुम्ही दमला आहात, जाऊन पडा जरा.”

अपघात, कुणाचाही दोष नाही, असं कागदावर आलं. माझ्या बाहीवरच्या पट्ट्या बाहीवरच राहिल्या. मी खोटं सांगत नाही, त्या कुणीतरी फाडून काढाव्यात असं मला वाटत होतं. आणि हेही खोटं नाही की दाराबाहेर आल्यावर मला हायसं वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

शनिवारी सकाळी हाल्व्हरचा बाप आला, तोलेफ ब्रेक्के. दोन घोड्यांची गाडी, मागे पेंढा पसरलेला. मुलाला किल्ल्याच्या दफनभूमीत बंदुकीची सलामी देऊन पुरू, असं त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, घरी नेतो. त्याच्याशी कुणी वाद घातला नाही. मल्डून आणि मी शवपेटी गाडीत ठेवली. मल्डून रडत होता आणि दोरी बांधत होता, त्याची गाठ काही बसेना. म्हाताऱ्यानंच त्याच्या हातातून दोरी घेऊन बांधली.

मग मी तोलेफला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण कळत त्याला सगळं होतं. तो खाली बघून ऐकत राहिला. मला वाटलं होतं मारील. मी हात खाली सोडून उभा होतो.

“ती विचारणार,” तो शेवटी म्हणाला. “रॅग्ना. त्याची आई. मला खेळ कळत नाही. मी काय सांगू? तुम्ही चला.”

व्हिटलॉक बरगड्या बांधून खाटेवर पडला होता. त्यानं दोन दिवसांची रजा लिहून दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही. आम्ही लगेच निघालो. वाटेत उघडं माळरान, वारा आणि मागे पेटी. म्हातारा फक्त एकदा बोलला. हाल्व्हरची पत्रं तो बायकोला वाचून दाखवायचा. शेवटच्या पत्रात त्यानं लिहिलं होतं की आता वजनाची भीती वाटत नाही, सार्जंट लक्ष ठेवतो. एवढं सांगून त्यानं लगाम हलवला.

दुपार कलताना पोचलो. आता त्यांचं लाकडी घर होतं, दोन खोल्यांचं. शेजारचे चार-पाच जण आले होते, त्यांनी पेटी आत घेतली. रॅग्ना लहानखुरी बाई होती. हाल्व्हरएवढा मुलगा तिचा, यावर विश्वास बसला नसता. ती बराच वेळ पेटीपाशी उभी राहिली. मग बाहेरच्या खोलीत आली, मला टेबलाशी बसवलं आणि समोर सायीची लापशी आणून ठेवली. त्यांच्यात मयताला ती करतात. इंग्रजी तिला एक अक्षर येत नव्हतं. ती समोर बसली, हात मांडीत घेतले आणि माझ्याकडे बघू लागली. डोळे मुलाचेच होते.

मी सांगायला सुरुवात केली. सोमवार, रांग, हुकूम, सराव. मग ती तीन यार्डं. त्यानं कसं बघितलं ते. मला बोलता येत होतं आणि मी बोललो नाही, ते. काही सोडलं नाही. तोलेफ माझ्या शेजारी बसून ऐकत होता. माझं संपल्यावर तो बायकोशी त्यांच्या भाषेत बोलला.

मला ती भाषा येत नव्हती, पण मी मोजत होतो. तो तीन वाक्यं बोलला. फार तर चार. मी एका शब्दाची वाट बघत होतो, तो मला कळला असता. सार्जंट हा शब्द त्यात कुठेच आला नाही. मी तोलेफकडे बघितलं. तो टेबलाच्या फळीकडे बघत होता.

तिनं मान हलवली. मग तिनं काहीतरी विचारलं, हळू आवाजात, दोन्ही हात पुढे धरून. तोलेफनं मला इंग्रजीत सांगितलं.

“छत पडलं होतं, तेव्हा तिनं त्याला हातांनी उकरून काढलं. नखं गेली होती. ती विचारते, याच्यावरची माणसं लवकर बाजूला काढली का?”

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. तिथे कॅप्टन नव्हता, कारकून नव्हता. तोलेफनं गाळलं तेही मला भरून काढता आलं असतं. छातीवर बोट ठेवून तो एक शब्द म्हणायचा होता. तिला तो कळला असता, आणि मग तिला जे करायचं ते तिनं केलं असतं. मी तेवढ्यासाठीच वीस मैल आलो होतो.

तिचे हात अजून तसेच पुढे धरलेले होते.

“हो,” मी म्हणालो. “लगेच काढली.”

तोलेफनं ते तिला सांगितलं. ते मात्र त्यानं पूर्ण सांगितलं.

ती उठली, टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आभाराचा शब्द तिनं दोनदा म्हटला, तो मला हाल्व्हरनं शिकवला होता. मग लापशी निवली असेल म्हणून तिनं वाडगा उचलला, चुलीवरची गरम लापशी वाढली, वर लोणी घातलं आणि मी खातो की नाही ते बघत तिथेच उभी राहिली.

मी खाल्ली. सगळी संपवली. तिनं आणखी वाढली, तीही खाल्ली.